फुकटात मिळालेलं लेकरू

कंदिलाची वात जरा बारीक कर वं पोरी, काच काळी होऊन राह्यली. अन् तुह्या लेकराले इकडं दे माह्या मांडीवर, तुहे हात मोकळे होतीन. उद्या सकाळी याले उकिरड्यावर घालनार म्हन्तं ना तुमी? घाला. पहिले दोन हाती लागले नाही तं घालाच लागते. माह्या सख्ख्या बहिनीची पोरगी तू, मी तुले नाही म्हननार नाही. पन नंदा नावाच्या माह्या जावेचं काय झालं ते आधी ऐकून घे. तांड्याच्या नायकाले इचारशीन तं तो अर्धंच सांगन, त्याले मधातच झोप येते.

नवा पैसा निघाला त्या वर्साची गोष्ट हाय. आमच्या तांड्याच्या शेवटाले भुरीबाईचं खोपडं होतं. नवरा कवाचाच मेला, लेकरू ना बाळ. भादव्यात भुरीबाई मेली, तेरावं बी तांड्यानंच केलं. मंग नायक डोंगरसिंग आमाले म्हनला, "जमनी, नंदा, तुमी दोघी जा. पावसानं भित पडाच्या आंधी तिचं काय भांडंकुंडं असन ते काढून घ्या." आमी एक टोपलं घेतलं, एक खराटा घेतला अन् गेलो. नंदाच्या कडेवर तिचा पोरगा उकंडा होता, दीड-दोन वर्सांचा.

भांडे काय, एक गंज, एक तवा, दोन थाळ्या. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती, कुलूप बी नव्हतं तिले. नंदानं झाकन उचललं. वर भुरीबाईची डोक्यावर घ्यायची फडकी होती, तिले करडीच्या तेलाचा अन् मिसरीचा वास येत होता. फडकी बाजूले केली तं खाली उकंडाचं पहिलं टोपरं. ते नाल्यात वाहून गेलं असं समजून आमी दोघी एकमेकीवर किती चिडलो होतो. त्याच्या खाली दुधीचा खुळखुळा. झोळीची एक चिंधी, चावून चावून भोक पाडलेली. अन् एका फडक्यात बांधून ठेवलेला भाकरीचा वाळका तुकडा, त्याच्यावर दोन बारीक दातांच्या खुना.

नंदानं तो तुकडा हातात घेतला अन् खाली बसली. "बाई, हे त्याचे पहिले दोन दात हायेत," म्हने. "मले आठवत बी नव्हतं. हिनं ठेवलं."

पेटीच्या बुडाशी एक सदरा होता. हातशिलाईचा, कोरा. पाच-सहा वर्सांच्या पोराच्या मापाचा.

मी म्हनलं, "हे समदं नाल्यात सोडून दे. मेलेल्याची चीज घरात ठेवत नाही."

नंदा रडत होती. "तिनं इतकं जपलं, मी कशी टाकू? दाराशी येत होती तं मी तिले घरात बी घेतलं नाही."

तिनं ते समदं फडकीत बांधलं, घरी नेलं अन् भितीतल्या दिवळीत ठेवलं. मी हात धरून तिले अडवाले पाह्यजे होतं. पन कोन्या तोंडानं अडवनार? दाराशी उभी राहून भुरीबाईले परत पाठवनारी तं मीच होती.

आता तेही सांगतो. नंदाचे पहिले दोन गेले, मंग हा झाला. याले उकिरड्यावर घालाचं ठरलं. सुपात लेकरू घालून मायनं उकिरड्यावर ठेवाचं, टाकलं म्हनाचं. दुसऱ्या बाईनं उचलाचं, मले सापडलं म्हनाचं. मंग मायनं सूपभर जवारी घेऊन तिच्याकडं जायाचं अन् इचाराचं, "बाई, लेकरू इकतं का?" तिनं जवारी घ्याची अन् म्हनाचं, "इकलं." म्हनजे मरन आलं तरी त्याले वाटते, हे तं कचऱ्यातलं, इकत घेतलेलं, याले काय न्याचं. इतकी साधी रीत हाय.

त्या दिवशी लेकरू उचललं भुरीबाईनं. नंदा जवारी घेऊन गेली तं ते म्हनली, "तुह्या घरी कुठं दाने जास्त झाले वं? राहू दे ते सूप. घे, तुहं लेकरू तुले." मायेनंच म्हनली, मनात काही नव्हतं तिच्या. नंदाले बरं वाटलं. मले बी वाटलं. मीच म्हनलं, चला, सूपभर जवारी वाचली. त्या वर्सी पिकलंच कमी होतं.

उकंडा जगला. चांगला गुटगुटीत झाला. भुरीबाई रोज येत, त्याले तेल लावत, पायावर घेऊन आंघोळ घालत. आमी वावरात गेलो का तेच सांभाळत. अन् मंग एक दिवस पोट्टं बोललं. नंदाच्या कडेवर होतं, पन दोन्ही हात भुरीबाईकडं केले अन् म्हनलं, "याडी."

आपन मायले म्हन्तो तेच, याडी. अन् तो पहिलाच शब्द त्याचा. भुरीबाईनं तोंडाले पदर लावला अन् लय हासली. पन 'नाही रे बाबू, तुही याडी ते हाय' असं काही म्हनली नाही. नंदाचं तोंड उतरलं. त्या रातीपासून तिनं दाराले कडी घातली.

भुरीबाई रोज यायची ते आलीच. नंदा आत बसायची अन् मी उंबऱ्यात उभी राह्यायची. "झोपलं हाय वं," मी म्हनाची. आतून उकंडा ओरडे, "याडी... याडी..." तिले ऐकू येत नव्हतं का? चांगलं ऐकू येत होतं. ते म्हने, "झोपू दे, झोपू दे," अन् काठी टेकत निंगून जाय. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, समदा उन्हाळा हेच चाललं. मले वाटे, मी जावेच्या बाजूनं उभी हाय. मोठी शानी समजत होती मी सोताले.

भादव्यात तिले ताप आला. नायकाच्या हाती तिनं सांगावा धाडला, एकडाव पोराले दाखवा. नंदा उठली बी होती, उकंडाले कडेवर घेतलं होतं. मीच म्हनलं, "तिचा खोकला लेकराले लागन. सकाळी जाय." सकाळी भुरीबाई नव्हती.

तं अशी ते फडकी नंदाच्या दिवळीत येऊन बसली.

कापूस येचाचे दिवस आले. वावराच्या धुऱ्यावर मोहाचं झाड हाय ना, त्याले झोळी बांधून उकंडाले त्यात निजवलं अन् आमी दोघी ओळीनं येचत पुढं गेलो. भर दुपार होती, ऊन चटचट लागत होतं, पान बी हालत नव्हतं. जराशानं नंदा थांबली. म्हने, "बाई... झोळी पाहा."

झोळी हालत होती. लेकरू आत वळवळलं तं झोळी कशी बी हालते, आडवी-तिडवी. हे तशी नव्हती. एका लयीत, जाऊन येऊन, कोनी बसून दोरी ओढावं तशी. अन् कोनी तरी गुनगुनत होतं. शब्द नव्हते, नुसतं नाकातून. आमी ओटीतला कापूस सांडत पळालो. जवळ गेलो तं आवाज थांबला. झोळी मातर दोन हेलकावे घेऊन मंगच थांबली.

उकंडा गाढ झोपला होता. केसं तेल लावून चापून बसवलेले. तळपायाले काजळाची तीट. मी बोट लावलं तं बोटाले लागली, ओलीच होती.

"बाई, तुमी लावली?"

"मी तं तुह्यासंगच होती."

करडीचं तेल अन् मिसरी. वावरात, भर उन्हात, तो वास झाडाखाली भरून राह्यला होता. मले वाटलं, नंदा किंचाळन. तिनं हात जोडले. हळू म्हनली, "येऊ दे तिले. मी दार लावलं होतं... आता नाही लावनार."

मंग तिनं खरंच दार लावनं सोडलं. दुपारी पान्याले जाय तरी दार सताड उघडं ठेवे. तिले वाटे, असं केलं तं केल्याची भरपाई होते. मले भेव वाटे, पन मी कोनत्या तोंडानं बोलू? तिचं पाप अर्धं माह्यं होतं.

आमच्या दोघींच्या घरांच्या मधात एकच भित. एका दुपारी मी इकडं जवारी निवडत बसली होती. नंदा नाल्यावर गेलती. भितीपल्याड काठी टेकल्याचा आवाज आला... टक... टक. मंग बसताना गुडघे दुखतात तसं कोनी 'आई वं' केलं. मी सूप खाली ठेवलं. अन् मले आयकू आलं, अगदी कानाजवळ, "झोपू दे, झोपू दे."

देवाची आन सांगतो, ते मलेच म्हनत होती.

मी कशी त्या घरात गेली मले माहीत नाही. आत कोनी नव्हतं. उकंडा घराच्या मधात बसला होता, मान वर करून. त्यानं तोंड उघडलं. थांबला. तोंड मिटलं अन् चावाले लागला. गिळलं, अन् परत तोंड उघडलं. मी त्याले झपकन उचललं. त्याच्या तोंडाले चावून मऊ केलेल्या भाकरीचा अन् गुळाचा वास येत होता. घरात त्या दिवशी गूळ नव्हता.

तवापासून पोट्टं जेवेना. नंदा घास पुढं करे, तो मान फिरवे. "पोट भल्लं," म्हने, तितकंच त्याले बोलता येत होतं.

"कोनं चारलं रे?"

"याडी."

अन् म्हनताना पाहे दाराकडं. नंदाकडं नाही.

पोट भरलं म्हने अन् सुकत चालला. बरगड्या दिसाले लागल्या, मांड्यांची कातडी लोंबाले लागली. त्याच्या बापानं, हिरासिंगनं, त्याले पुसदले नेलं. डाक्टरनं पाह्यलं, पोट दाबलं, जीभ पाह्यली, लाल औषधाची शिशी देली. शिशी संपली. लेकरू उचललं तं रिकामी ओढनी उचलल्यावानी लागे. नंदा झोपत नव्हती. "बाई, मी दोन पुरले," म्हने. "हा बी मीच मारला."

मंग मी नायकाकडं गेली. डोंगरसिंग म्हतारा मानूस, चिलीम पेत बसला होता. समदं सांगितलं. त्यानं एकच इचारलं, "इकत घेतलं होतं ना?"

"नाही. भुरीबाईनं फुकटच देलं. सूप परत केलं तिनं."

त्यानं चिलीम खाली ठेवली. "मंग 'इकलं' म्हनली का ते?"

"कायचं म्हनते? जवारीच घेतली नाही तं."

"मंग लेकरू तिचंच हाय ना वं जमनी," तो म्हनला. "तुमी टाकलं, तिनं उचललं. पुढचं झालंच नाही. दोन वर्स तुमी दुसरीचं लेकरू घरात ठेवलं अन् तिलेच दार लावलं." रागानं नाही म्हनला, म्हनून जास्त लागलं. मी म्हनलं, आता काय कराचं? तो म्हनला, "जाऊन इचारा. देते का पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो, ऊन वर यायच्या आंधी. मी, नंदा अन् लेकरू. नंदानं उकिरड्यावर गोनपाट टाकलं, त्यावर उकंडाले बसवलं. त्याले नीट बसता बी येत नव्हतं. समोर सूप धरलं, शिगोशिग जवारीनं भरलेलं. आमच्या घरचे दाने त्यात संपले होते.

"बाई," नंदा म्हनली, "लेकरू इकतं का?"

शेनाची वाफ निंगत होती, माशा घोंगावत होत्या. बाकी काही नाही.

"भुरीबाई... लेकरू इकतं का?"

पोरी, तुले खरं सांगतो. मी ठरवूनच गेलती का तिच्या मांग उभी राहून, तोंडाले पदर लावून, भुरीबाईच्या आवाजात मीच म्हनीन, 'इकलं.' इतके दिवस दाराशी खोटं बोलली, हे एक आखरीचं. नंदाले धीर येईन, लेकरू तिच्या हातचं खाईन. मी तोंड उघडलंच होतं.

"नाही," उकंडा म्हनला.

त्याचाच आवाज, बारीक. पन तो आमच्याकडं पाहत नव्हता. त्यानं मान बाजूले वळवली होती, कोनी कानाशी वाकून सांगावं अन् आपन आयकावं तशी. आयकलं. मंग आमच्याकडं तोंड करून म्हनला, "कायले इकू? मी कवाच इकत नव्हती."

दोन शब्दाच्या वर न जोडनारं लेकरू ते.

मले वाटलं, आता नंदा पडते. पन ते गुडघ्यावर बसली, तिथंच, शेनात. सूप खाली ठेवलं. म्हनली, "नको इकू. तुहंच हाय. माह्या पोटातून आलं, पन तुहंच हाय. म्या मान्य केलं." श्वास घेतला. "पन तुह्या हातचं त्याले पुरत नाही, भुरीबाई... तो मरून राह्यला. खाऊ घालाचं काम मले दे. मी त्याची याडी नाही म्हननार. तुहं लेकरू म्हनून सांभाळीन. जिता असताना तू माह्यं सांभाळलं, आता मी तुहं सांभाळतो."

कोन माय असं म्हनन? मी तं नसती म्हनली. मी उभ्या उभ्या रडत होती अन् मले माह्याच रडन्याची लाज वाटत होती.

उकंडानं परत मान वळवली. लय वेळ आयकत होता. मंग तो गोनपाटावरून खाली सरकला, बसत बसत सुपाजवळ आला, मूठभर दाने तोंडात टाकले अन् चावता येईनात म्हनून रडाले लागला. भुकेलं लेकरू रडते तसं. नंदानं तिथंच त्याले पदराखाली घेतलं. दुपारी त्यानं अर्धी भाकर खाल्ली, दुधात कुस्करून. तिच्या हातानं.

म्हनून तुले सांगतो, उद्या सूप परत केलं कोनी मायेनं, तं घेऊ नको. पाया पड, भांडन कर, पन दाने तिच्या ओटीत टाक अन् 'इकलं' हे तिच्या तोंडून वदवून घे. मंगच लेकराले हात लाव.

उकंडा कुठं हाय? हाय ना, चांगला हाय. आता आठ-नऊ वर्साचा झाला, शाळेत जाते, ढोरं बी राखते. नंदाले मंग एक पोरगी झाली. पोरगी तिले याडी म्हन्ते. उकंडा मले मोठीमाय म्हन्ते, अन् तिले नंदा म्हन्ते. रागानं नाही, मायेनंच. तिचे पाय दाबते, पानी भरून देते. पन नंदाच. गावचे लोक हासतात, म्हन्तात पोरगं लाडावलं.

मागच्या महिन्यात मी तिच्या घरी बसली होती, दिवे लागायच्या वक्ताले. नंदा चुलीपाशी भाकरी थापत होती. उकंडा ढोरं बांधून आला अन् उंबऱ्यातच थांबला. आत पाहून म्हनला, "याडी, जेवली का?"

नंदाचा हात थांबला. इतके वर्स तिनं सबुद पाळला, पन त्या दिवशी काय झालं तिले माहीत नाही. लेकरानं इतक्या गोडीनं इचारलं का तिच्या तोंडून निंगूनच गेलं, "नाही रे बाबू, तू आल्यावर जेवीन."

त्यानं तिच्याकडं पाह्यलं. समजावून सांगावं तसं म्हनला, "तुले नाही इचारलं, नंदा."

तिनं खाली मान घातली अन् भाकर तव्यावर टाकली. भाकर फाटली होती.

तो तसाच उंबऱ्यात उभा, उत्तर आयकत. मोठं उत्तर असन, मधात मधात हासत होता. मंग त्यानं माह्याकडं वळून पाह्यलं, परत कोपऱ्याकडं पाह्यलं अन् म्हनला, "हो, मोठीमाय इथंच बसली हाय. जागीच हाय ते."